उन्हाने नर-मादी ठरतं? कासव, साप आणि सरड्यांच्या क्रोमोसोमची भानगड

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यावरून समुद्राकडे तुरुतुरु निघालेल्या कासवाच्या पिल्लांचे व्हिडिओ फोनवर यायला लागतात. आणि हल्ली त्याच्या मागोमाग एक बातमीही येते, की वाळू तापत चालल्यामुळे समुद्री कासवांची पिल्लं नुसत्या माद्याच निघतायत. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांवरचा एक अभ्यास २०१८ साली आला, त्यात वयात न आलेल्या कासवांमध्ये ९९ टक्के माद्या निघाल्या, म्हणजे शंभरात जेमतेम एक नर. शाळेत 'वडिलांकडून वाय आला तर मुलगा' एवढं पाठ केलेल्या माणसाला हे वाचून प्रश्न पडणारच, की ऊन लागून कोणी मादी कसं होईल, ते तर आधीच ठरलेलं असतं ना?

तर नसतं, निदान कासवात तरी नसतं. सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रकरण बघायला लागलं की कळतं की आपल्याला शाळेत जे शिकवलं ते चुकीचं नव्हतं, पण ते फक्त आपल्यापुरतं होतं. जगात नर-मादी ठरवण्याच्या बऱ्याच पद्धती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या या साप-सरडे-कासवांच्या गोतावळ्यात एकाच वेळी चालू आहेत.

आधी शाळेतलं थोडं, पटकन

गुणसूत्र, म्हणजे क्रोमोसोम, ही पेशीतली डीएनएची लांबलचक गुंडाळी. प्रत्येक क्रोमोसोमच्या दोन प्रती असतात, एक आईकडची एक बापाकडची, आणि त्यावर जीन असतात म्हणजे शरीर घडवायच्या सूचना. माणसात २३ जोड्या, त्यातल्या २२ जोड्या बाई-पुरुषात सारख्याच, तेविसावी वेगळी. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक खुजा वाय. वायवर एसआरवाय नावाचा एक जीन असतो (१९९० मध्ये सापडला) आणि गर्भात तो चालू झाला की वृषण तयार होतात, पुढचं सगळं हार्मोन्स बघतात.

पक्ष्यांमध्ये उलटं. कोंबड्याकडे दोन सारखे, त्यांना झेड म्हणतात, आणि कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे तिथे पिल्लू नर की मादी हे आईच्या अंड्यावर ठरतं. (मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांचं म्हणणं कोंबडीच्या बाबतीत बरोबर ठरलं असतं, माणसाच्या बाबतीत नाही.)

एक गोष्ट इथेच पक्की करून घेऊ, कारण पुढे सगळा घोळ याच्यावरूनच होतो. एक्स-वाय आणि झेड-डब्ल्यू ही कुठल्या ठराविक क्रोमोसोमची नावं नाहीत. नराकडे बेजोड जोडी असेल तर तिला एक्स-वाय म्हणायचं, मादीकडे असेल तर झेड-डब्ल्यू, बस. कोंबडीचा झेड आणि नागाचा झेड यांचं अक्षर एक असलं तरी ते पूर्णपणे वेगवेगळ्या क्रोमोसोमपासून तयार झालेत.

आणि कासवाकडे यातलं काहीच नाही

समुद्री कासवांच्या सातही जातींमध्ये नर आणि मादी यांचे क्रोमोसोम सारखेच असतात. मादी किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते, आणि त्यानंतर अंडं उबायच्या काळातल्या साधारण मधल्या तिसऱ्या हिश्श्यात वाळूचं तापमान किती राहिलं यावर पिल्लू ठरतं. वाळू गार राहिली तर नर, तापली तर मादी, आणि साधारण २९ ते ३१ अंशांच्या दरम्यान कुठेतरी, जातीप्रमाणे थोडं मागेपुढे, निम्मे-निम्मे. फरक फक्त एक-दोन अंशांचा! एकाच खड्ड्यात वरची अंडी आणि तळाची अंडी वेगळी निघू शकतात.

हे पहिल्यांदा लक्षात आलं १९६६ मध्ये, सेनेगलमधल्या डकारला, मादलेन शार्निए नावाच्या फ्रेंच बाई आगामा नावाच्या सरड्याची अंडी उबवत होत्या, तेव्हा. त्यांच्या निबंधाकडे तेव्हा फारसं कोणी बघितलं नाही. नंतर मात्र यादी वाढतच गेली: बहुतेक कासवं, काही सरडे आणि पाली, न्यूझीलंडचा तुआतारा (सरड्यासारखा दिसणारा प्राणी), आणि मगरी-सुसरी तर झाडून सगळ्या. जगातल्या कुठल्याच मगरीला लिंग ठरवणारा क्रोमोसोम नाही.

बरं, सगळीकडे नियम एकच असता तरी सोपं होतं. तुआतारामध्ये कासवाच्या बरोबर उलटं, साधारण २२ अंशांच्या वर गेलं की नर, खाली माद्या. आणि आपली मगर, म्हणजे सावित्री नदीत महाडजवळ किंवा कृष्णेत सांगलीकडे दिसते ती, तिच्यावर चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत प्रयोग झालेत, त्यात २८ ते ३१ अंशांवर ठेवलेल्या अंड्यांतून फक्त माद्या आल्या, साडेबत्तीसला फक्त नर, आणि ३३ ला परत माद्या मिसळायला लागल्या. म्हणजे नर फक्त मधल्या एका चिंचोळ्या पट्ट्यात.

उष्णता आत जाऊन नेमकं करते काय

हे बरीच वर्षं कोडं होतं. 'हार्मोनवर परिणाम होतो' एवढंच मोघम सांगितलं जायचं. मग २०१८ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी लाल कानाच्या कासवात (तेच, जे आपल्याकडे छोट्या टँकमध्ये पाळायला विकतात) एक दुवा सापडवला. या कासवात २६ अंशांवर नर होतात, ३२ ला माद्या. त्यांना दिसलं की गारव्यात केडीएम६बी नावाचा जीन जोरात चालतो, तो डीएमआरटी१ नावाच्या दुसऱ्या जीनवरचं रासायनिक कुलूप काढतो, आणि डीएमआरटी१ सुरू झाला की वृषण बनायला लागतात. केडीएम६बी दाबून टाकला तर २६ अंशांवर ठेवलेली, म्हणजे नर व्हायला हवी होती अशी बहुतेक पिल्लं मादीच्या वाटेला गेली. दोन वर्षांनी पुढचा धागा मिळाला: उष्णतेने पेशीत कॅल्शियम शिरतं, त्याने एक प्रोटीन जागं होतं आणि ते केडीएम६बीला गप्प करतं.

आता यातलं डीएमआरटी१ हे नाव लक्षात ठेवा, बाकीची विसरलात तरी चालेल. कारण कोंबडीच्या झेडवर बसलेला, नर ठरवणारा जीन हाच. माणसातही तो आहे, नवव्या क्रोमोसोमवर, आणि त्याच्यात बिघाड झाला तर वृषण नीट बनत नाहीत. म्हणजे कासव असो, कोंबडी असो की माणूस, वृषण आणि अंडाशय बनवणारी खालची सगळी मंडळी जवळपास तीच, फक्त 'चला, कामाला लागा' हा पहिला हुकूम कोणी द्यायचा ते बदलत राहतं. कुठे एसआरवाय देतो, कुठे डीएमआरटी१च्या एकऐवजी दोन प्रती देतात, कुठे वाळू देते. हे एकदा डोक्यात बसलं की पद्धती इतक्या सहज कशा बदलतात याचं आश्चर्य निम्मं कमी होतं, कारण बदलायचं असतं ते फक्त वरचं टोक.

साध्या जोडीचा एक्स-वाय होतो कसा

लिंग ठरवणारे क्रोमोसोम आभाळातून पडत नाहीत, ते आधी इतर जोड्यांसारखी एक साधी सारखी जोडीच असतात. मग त्यातल्या एका प्रतीवर एखाद्या जीनमध्ये असा बदल होतो की तो असला की नर होतो (किंवा मादी, पद्धत कुठली त्यावर). तेवढ्याने ती जोडी 'लिंगाची जोडी' झाली. सुरुवातीला फरक बस एवढाच, सूक्ष्मदर्शकातून बघितलं तर काही दिसणार नाही.

पुढचं समजायला घरचं दुधाचं खातं घ्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आपण रोजचं दूध लिहितो आणि दूधवाला त्याच्या वहीत लिहितो, महिनाअखेरीस दोन्हीचा ताळा घेतो. आपण एखादा खाडा लिहायला विसरलो, त्याने एखादा लिटर जास्त टाकला, ते ताळ्यात सापडतं आणि निस्तरतं. साध्या क्रोमोसोमच्या जोडीत हा ताळा दर पिढीला होतो, अंडं किंवा शुक्राणू बनताना दोन्ही प्रती शेजारी येतात आणि आपापसात तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे बिघडलेला तुकडा चांगल्यापासून वेगळा पडतो आणि पुढच्या पिढ्यांमध्ये गाळला जातो. पण नर ठरवणारा जीन वायवर आला आणि त्याच्या आसपास नरालाच फायद्याचे दोन-चार जीन असले, तर अदलाबदल झाली तर ते संच मोडेल, म्हणून जिथे अदलाबदल थांबली असे क्रोमोसोम टिकतात (बऱ्याचदा एखादा तुकडा उलटा फिरून बसतो आणि मग जुळणीच होत नाही). झालं, वायचा ताळा बंद. एक्सचं ठीक, मादीत दोन एक्स असतात, ते एकमेकांशी ताळा घेत राहतात. पण वायला जोडीदार नाही, म्हणून चुका साचतात, पानं फाटतात, जीन मरतात, मध्ये निरर्थक पुनरावृत्तीचा कचरा भरतो, आणि लाखो-कोटी वर्षांनी उरतो तो खुजा वाय. माणसाच्या एक्सवर प्रोटीन बनवणारे ८०० च्या वर जीन आहेत आणि वायवर शंभराच्या आसपास, ही त्याच बंद पडलेल्या ताळ्याची कहाणी.

झेड-डब्ल्यूमध्ये हेच सगळं डब्ल्यूच्या वाट्याला येतं.

सापांची नीटनेटकी गोष्ट, आणि ती कशी मोडली

ही झिजण्याची कल्पना आज पुस्तकात आहे, आणि ती पक्की व्हायला सापांनी फार मदत केली. १९६० च्या दशकात सुसुमु ओह्नो या शास्त्रज्ञाने एक फार देखणं निरीक्षण मांडलं. अजगर आणि बोआ (अमेरिकेतला अजगरासारखा मोठा साप) हे जुन्या वळणाचे साप, त्यांच्यात झेड आणि डब्ल्यू अगदी सारखे दिसतात. धामणीच्या जातकुळीतल्या सापांत फरक दिसायला लागतो. आणि घोणसाच्या कुळात, म्हणजे व्हायपरमध्ये, डब्ल्यू पार झिजून बारका झालेला. म्हणजे एकाच गटात सुरुवात, मधला टप्पा आणि शेवट, तिन्ही एका ओळीत उभे.

या कामात भारताचा वाटा मोठा आहे आणि तो आपल्याकडे फार सांगितला जात नाही. बनारस हिंदू विद्यापीठात रायचौधुरींच्या हाताखाली लालजी सिंग सापांचे क्रोमोसोम बघत होते, आणि पुढे एडिंबराला गेल्यावर त्यांना पट्टेरी मण्यारीच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा मिळाला जो मादीच्या डब्ल्यूवर खच्चून भरलेला होता, म्हणजे वर म्हणलं तो कचराच. हाच तुकडा इतर प्राण्यांतही, माणसातही विखुरलेला निघाला, आणि प्रत्येक माणसात तो वेगळ्या नमुन्याने असतो. त्यावरून हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत त्यांनी भारताचं स्वतःचं डीएनए फिंगरप्रिंटिंग उभं केलं, जे पुढे पितृत्वाच्या खटल्यांपासून राजीव गांधी हत्या प्रकरण आणि नैना साहनी प्रकरणापर्यंत वापरलं गेलं. मण्यारीचा झिजका डब्ल्यू कोर्टात साक्षीला, याहून चांगलं उदाहरण 'असल्या संशोधनाचा उपयोग काय' विचारणाऱ्यांना देता येणार नाही.

असो. तर ओह्नोंची ओळ पन्नासेक वर्षं सगळीकडे शिकवली गेली, आणि मग पहिल्या पायरीनेच दगा दिला. २०१० मध्ये एका बोआ मादीला नराशिवाय पिल्लं झाल्याचं समोर आलं. सापांमध्ये, सरड्यांमध्ये हे कधीकधी होतं: अंड्यात आईच्या क्रोमोसोमची एक-एकच प्रत असते, तीच दुप्पट झाल्यासारखं होऊन पिल्लू वाढतं. आता हिशोब करा. आई झेड-डब्ल्यू असेल तर अशी पिल्लं एकतर झेड-झेड म्हणजे नर, नाहीतर डब्ल्यू-डब्ल्यू, आणि दुसरी सहसा जगत नाहीत. इंग्लंडमधल्या चेस्टर झूमधल्या फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगनने २००६ मध्ये नराशिवाय अंडी घातली, त्यातून निघालेली पिल्लं सगळी नरच होती, हिशोब बरोबर. पण या बोआची सगळी पिल्लं माद्या! तेव्हा म्हणलं गेलं की बोआत डब्ल्यू झिजलेला नाही म्हणून डब्ल्यू-डब्ल्यू जगली असतील. ऐकायला पटण्यासारखं होतं.

२०१७ मध्ये टोनी गँबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधी गोष्ट केली, नर आणि माद्यांचा डीएनए शेजारी ठेवून कुठले तुकडे फक्त एकातच सापडतात ते बघितलं. बोआत आणि बर्मी अजगरात (आपल्या भारतीय अजगराचा अगदी जवळचा भाऊ) ते तुकडे नरातच सापडले. म्हणजे तिथे झेड-डब्ल्यू नव्हतंच, एक्स-वाय होतं. आई एक्स-एक्स, मग नराशिवाय होणारी पिल्लं एक्स-एक्सच होणार, सगळ्या माद्या, त्यात काही चमत्कार नाही. वर आणखी, बोआचा एक्स-वाय आणि अजगराचा एक्स-वाय वेगवेगळ्या क्रोमोसोमवर, दोन्ही स्वतंत्रपणे उगवलेले. झिजण्याची कल्पना यामुळे खोटी ठरली नाही, मण्यार-घोणसात ती आजही तशीच लागू आहे, पण अजगर हा त्या ओळीतला पहिला टप्पा नव्हता, तो वेगळ्याच रस्त्यावर होता. सूक्ष्मदर्शकातून सारखं दिसलं म्हणून आपण धरून चाललो होतो.

म्हणजे तापमान ही मागासलेली पद्धत आणि क्रोमोसोम पुढारलेली?

हा प्रश्न जवळजवळ सगळेच विचारतात, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. आधी ऊन-पाऊस, मग हळूहळू प्रगती होऊन क्रोमोसोम, अशी चढण आपण मनातल्या मनात लावून टाकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये रहदारी दोन्ही बाजूंनी आहे.

सगळ्यात जबरदस्त पुरावा ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या ड्रॅगनचा. हा वाळवंटी सरडा, गळ्याखाली काटेरी दाढी फुगवतो. याच्यात झेड-डब्ल्यू आहे, व्यवस्थित. पण अंडी ३२ अंशांच्या वर उबवली की झेड-झेड असलेली पिल्लं, म्हणजे नियमाने नर, मादी व्हायला लागतात. नुसती दिसायला नाही, अंडी घालणारी, आणि नेहमीच्या माद्यांपेक्षा जास्त अंडी घालणारी. हे प्रयोगशाळेपुरतं असेल असं वाटत होतं, पण २०१५ मध्ये क्लेअर होलेली आणि सहकाऱ्यांनी रानातले १३१ सरडे तपासले तर त्यातल्या ११ माद्यांकडे नराचे क्रोमोसोम निघाले. अशा मादीचा साध्या नराशी संयोग झाला की आई झेड-झेड, बाप झेड-झेड, पिल्लं सगळी झेड-झेड. डब्ल्यू संपला. त्या पिल्लांचं नर-मादी आता फक्त तापमानावर. करोडो वर्षं लागतील असं वाटणारा बदल एका पिढीत!

पाली बघा. पालींच्या कुळावरच्या २०१५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की त्यांच्यात लिंग ठरवायची पद्धत १७ ते २५ वेळा बदललेली आहे, एक्स-वाय, झेड-डब्ल्यू, तापमान, सगळीकडून सगळीकडे. कासवांमध्येही बहुतेक तापमानवाली असली तरी मऊ पाठीच्या कासवांनी झेड-डब्ल्यू कमावलंय, आणि मध्य अमेरिकेतल्या एका कासवाने एक्स-वाय. त्यात गंमत अशी की मऊ पाठीच्या कासवाने ज्या क्रोमोसोमचा झेड केला, तोच क्रोमोसोम अमेरिकेतल्या अॅनोल सरड्यात एक्स झालाय, दोघांनी आपापला, एकमेकांना न विचारता. तो कोंबडीत साधा पंधरावा क्रोमोसोम म्हणून निवांत बसलाय. काही क्रोमोसोमवर वृषण-अंडाशयाच्या कामाचे जीन आधीपासूनच असतात म्हणून त्यांची वारंवार निवड होत असावी, असा एक अंदाज आहे.

टास्मानियात तर एकाच जातीत दोन रंग. तिथला एक छोटा सरडा थेट पिल्लं देतो. समुद्रसपाटीजवळ राहणाऱ्यांमध्ये वर्ष उबदार गेलं तर मुली जास्त होतात, डोंगरावर राहणाऱ्यांमध्ये हवा कशीही असो, निम्मे-निम्मे.

मग सगळेच असे बदलत का नाहीत? माणूस, पक्षी, मण्यार-घोणस हे कोट्यवधी वर्षं एकाच पद्धतीला का चिकटून? इथे परत ती ताळा बंद पडलेली वही आडवी येते. पद्धत बदलायची तर मधल्या पिढ्यांमध्ये वाय-वाय किंवा डब्ल्यू-डब्ल्यू असे प्राणी तयार होऊ शकतात. वही नवीन असेल, फाटलेली नसेल, तर दोन वाय घेऊनही प्राणी जगतो आणि बदल पार पडतो. वही पार फाटली असेल तर अत्यावश्यक जीनच नसल्याने तो मरतो आणि बदल तिथेच थांबतो. म्हणून जुना, झिजलेला वाय किंवा डब्ल्यू हा सापळा असतो, आत गेलं की बाहेर येणं अवघड. दाढीवाला ड्रॅगन सुटला कारण त्याने डब्ल्यू दुप्पट केला नाही, टाकूनच दिला.

इतकी बेभरवशाची पद्धत टिकली कशी?

रास्त शंका आहे. दोन अंश इकडेतिकडे झाले की सगळ्या बहिणीच, असली व्यवस्था कोणी का ठेवेल?

याचं एक उत्तर १९७७ मध्ये चार्नोव्ह आणि बुल यांनी मांडलं. समजा गार वाळूतून आलेलं पिल्लू नर म्हणून जास्त यशस्वी होत असेल आणि गरम वाळूतून आलेलं मादी म्हणून, तर मग तापमानावर निर्णय सोपवणं हेच फायद्याचं, नाणेफेक करण्यापेक्षा. ऐकायला सोपं, सिद्ध करायला महाकठीण, कारण गरम तापमानात नर मिळतच नाहीत, तुलना करणार कशाशी? २००८ मध्ये वॉर्नर आणि शाइन यांनी ऑस्ट्रेलियातल्या जॅकी ड्रॅगन सरड्यावर ते करून दाखवलं: औषधाने मादी हार्मोन बनणं थांबवलं, नको त्या तापमानावरही नर काढले, आणि मग मोठ्या कुंपणात सोडून कोण किती पिल्लांचा बाप होतो ते मोजलं. आपल्या नेहमीच्या तापमानातून आलेले नर सरस ठरले. एका अल्पायुषी सरड्यापुरतं तरी चार्नोव्ह-बुल बरोबर निघाले. पन्नास-साठ वर्षं जगणाऱ्या कासवांवर असला प्रयोग करणं म्हणजे शास्त्रज्ञाची आख्खी कारकीर्द गेली.

आणि हो, डायनासोर याच्यामुळेच संपले का? असा अंदाज काही जणांनी खरंच मांडला होता. अडचण अशी की ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच संकटातून मगरी आणि कासवं जगली, आणि तापमानावर चालणारे सगळ्यात पक्के तर तेच.

मग आताही निभावून नेतील की?

कदाचित. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एक म्हणजे वेग. हवामान आधीही बदललं, तेव्हा हजारो वर्षं मिळाली, किनारे बदलता आले, अंडी घालायचे महिने बदलता आले. हिरव्या कासवाला वयात यायलाच २५ ते ४० वर्षं लागतात, त्यामुळे आज जन्मलेल्या पिल्लांतला तुटवडा समुद्रात जाणवेपर्यंत एक पिढी उलटून गेलेली असते. ऑस्ट्रेलियातल्या त्याच अभ्यासात मोठ्या वयाच्या कासवांमध्ये माद्या ८७ टक्क्यांच्या आसपास होत्या, लहानांत ९९. दुसरं म्हणजे फार तापलं की प्रश्न नर-मादीचा उरतच नाही, साधारण ३४-३५ अंशांच्या वर वाळू बराच काळ राहिली की अंडीच मरतात.

'एक नर पुष्कळ माद्यांना पुरतो, मग काळजी कसली' हेही म्हणलं जातं आणि ते अर्धं खरं आहे. नर अनेक माद्यांशी जुगतात आणि माद्यांपेक्षा जास्त वेळा जोडी जमवायला येतात, म्हणून समुद्रात निम्मे-निम्मे असायची गरज नसते, थोड्या जास्त माद्या असणं उलट फायद्याचंच. पण शंभरात एक नर हे त्या 'थोडं'मध्ये बसत नाही.

आपल्या किनाऱ्यावर याचा अर्थ जरा जास्तच प्रत्यक्ष आहे. कोकणात २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला काम सुरू केलं, आणि आज गावोगावचे कासवमित्र ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून, भरतीपासून वाचवायला उचलून कुंपणाच्या हॅचरीत पुरतात. या कामाने कासवं वाचली यात वादच नाही. पण हॅचरी कुठे लावली, खड्डा किती खोल, वर सावली आहे की नाही, यावर पिल्लं नर होणार की माद्या हेही माणसाच्या हातात आलं. जगभरात काही हॅचऱ्या त्यासाठी शेडनेट लावतात, पाणी मारतात. त्यातही तारतम्य लागतं, फार गार केलं तर सगळे नर निघतील आणि ते जास्त वाईट, अंडी कोण घालणार?

आणि मोठी पंचाईत ही, की पिल्लू हातात घेऊन ते नर आहे का मादी हे सांगता येत नाही. बाहेरून काही दिसत नाही, आणि डीएनए तपासणीचाही उपयोग शून्य, कारण फरक असलेला क्रोमोसोमच नाही! मगरीचंही तेच. आजवर मेलेल्या पिल्लांची चिरफाड करून किंवा मोठ्या कासवांत दुर्बीण घालून बघावं लागायचं, अलीकडे रक्ताच्या थेंबातल्या एका प्रोटीनवरून ओळखायची पद्धत निघाली आहे. ती सर्रास होईपर्यंत खड्ड्यातलं तापमान नोंदत राहणं हाच व्यवहार्य मार्ग.

घराभोवती बघायचं तर

यासाठी किनाऱ्यावर जायलाच पाहिजे असं नाही. घोरपड ही कोमोडो ड्रॅगनच्याच कुळातली आणि त्या कुळात झेड-डब्ल्यू फार जुनं आहे. नाग, मण्यार, घोणस, धामण, सगळे झेड-डब्ल्यूवाले. कुंडीतली माती उकरली की गांडुळासारखा काळा चकचकीत वाळा निघतो, त्याने तर नर ही भानगडच बंद केलीय: त्याच्यात फक्त माद्या असतात, क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती घेऊन, आणि एक मादी कुंडीतून कुठेही गेली की तिथे वसाहत तयार, म्हणूनच तो जगभर पसरला.

आणि बागेतला सरडा, कुंपणावर मान हलवत बसतो तो. त्याच्या क्रोमोसोममध्ये नर-मादी असा फरक डोळ्याला दिसत नाही. बनारसच्या प्रयोगशाळेने १९९५ मध्ये सांगितलं की याच्यावर तापमानाचा परिणाम होत नाही, पण अंड्याला नर हार्मोन दिलं की लिंग बदलतं. धारवाडकडच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये सांगितलं की परिणाम होतो, आणि तोही विचित्र: तापमान वाढवत नेलं तर आधी माद्या, मग नर, मग परत माद्या, मग परत नर. दोघांनीही सरडा तोच घेतला होता, आणि वाद अजून मिटलेला नाही.